वजिराचा पहिला घोट

नूबियातून पकडून आणलेला रैहान कैरोत गुलाम म्हणून विकला गेला आणि कित्येक वर्षं खलिफाचं अन्न आधी चाखत राहिला. विष असलं तर त्यानं मरायचं. तोच पुढे वजीर झाला, तेव्हा त्याचं अन्न चाखायला त्याच्याच मुलखातून मला आणलं. पहिल्या मेजवानीत मी कबुतराच्या रश्श्यात चमचा बुडवला, पण तो तोंडाशी नेईना. "दे इकडे, पोरी," आमच्या बोलीत म्हणत रैहाननं स्वतःच घोट घेतला. वजिरी हुकलेला अमीर तकीन हसला, "वजीरसाहेब, जुनी चाकरी सुटत नाही वाटतं?" सगळा दरबार हसला. रैहाननं घोट जिभेखाली धरला, रुमालात थुंकला आणि वाडगा अमिरापुढे सरकवला. "सुटेल हळूहळू. तुम्ही घ्या ना थोडा." हसणं थांबलं. मी आता म्हातारी झाले, तरी मांडीवरून न हललेले अमिराचे हात झोपू देत नाहीत.