चांदीचा आवाज

पत्रे ठोकण्यात उभी हयात गेलेल्या दादांचा चांदीच्या बाबतीत ना चुंबकावर भरवसा होता, ना वजनकाट्यावर. नाणं फरशीवर टाकायचं आणि कान द्यायचा, एवढीच त्यांची पारख. खोटं नाणं ठप्प करून पडतं, खरं नाणं स्थिरावेपर्यंत किणकिणत राहतं.

त्या दिवशी सराफाकडून आणलेलं नवंकोरं नाणं ठप्प करून पडलं. दादांनी ते नाणं खिशात टाकलं, हातोडा उचलला आणि तडक त्याचं दुकान गाठलं.

"इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला चुना लावतोस?"

"दादा, लेकराबाळांची शपथ, अस्सल आहे!" सराफाने तेच नाणं त्यांच्याकडून घेऊन फरशीवर टाकलं. "ऐका की, कसं खणखणतंय!"

दादांना पुन्हा ठप्पच ऐकू आलं. फसवलं ते फसवलं, वर तोंडावर धडधडीत खोटं! त्यांचं डोकंच फिरलं. पहिल्या घावात काउंटरची काच फुटली, दुसऱ्यात गयावया करणाऱ्या सराफाची बोटं. त्यानंतरचे घाव डोक्यावर बसले, आणि सराफाचं "ऐका, ऐका" कायमचं थांबलं.

घरी येऊन दादा स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात चोळचोळून धूत होते. पाण्याचा लाल रंग काही जात नव्हता. तेवढ्यात बायको बाहेरून धावत आली आणि तिने नळाशेजारची शेगडी खटकन बंद केली.



"अहो, किटलीची शिट्टी पार रस्त्यापर्यंत ऐकू येतेय, आणि तुम्ही तिच्याजवळ उभे राहून ढिम्म?"