पांढरी बशी

“आबा, झालं का?” मुलानं गोठ्याच्या बंद दाराबाहेरून विचारलं.

“गाय आहे ती, नळ नाही,” आतून आबा म्हणाले. “तिच्या सवडीनं होतं ते. चहाही निवला माझा इथं.”

“मग मी घरात जातो. तोवर गहू काढून ठेवतो.”

आदल्या दिवशी गुरांच्या डॉक्टरीणबाई येऊन सगळं समजावून गेल्या होत्या. हातानं तपासायला अजून लवकर होतं, आणि तांबडीच्या मागे उभं राहायची त्यांची हौस एकाच लाथेत फिटली होती. तेव्हा ही घरगुती परीक्षा. गायीचं सकाळचं पहिलं मूत घ्यायचं, त्यात भरपूर पाणी घालायचं आणि बशीत ओतून गहू भिजत टाकायचे. दुसऱ्या बशीत गहू आणि नुसतं पाणी. दोन्हीकडे मोड आले तर गाय रिकामी. नुसत्या पाण्यातच आले तर गाभण. “अंदाज समजा,” बाई म्हणाल्या होत्या, “पक्कं मी नंतर सांगेन.”

मुलाला अंदाज पुरेसा होता. गाय रिकामी निघाली तर रस्त्यापलीकडचा डेअरीवाला तिला सांभाळायला नेणार होता आणि आबा मुलाबरोबर शहरात जाणार होते. गाभण निघाली तर तिला हलवायचं नाही, म्हणजे आबाही हलणार नाहीत. तसं ठरलंच होतं.

तसे आबा कुणाचं ऐकणारे नव्हतेच. बायको गेली तेव्हा भरल्या घरात सगळ्यांदेखत त्यांनी सांगून टाकलं होतं, “मी इथून हलणार नाही. न्यायचंच असेल तर आडवा न्या.” त्यानंतर कुणाची विचारायची छाती झाली नाही. पुढे शेजारच्या घरालाही कुलूप लागलं. आता बोलायला तांबडी होती आणि रेडिओ होता. बातम्या सांगणारी बाई ‘नमस्कार’ म्हणाली की आबा ‘नमस्कार’ म्हणायचे, आणि मग स्वतःवरच चिडून आवाज कमी करायचे.

गोठ्याच्या मागच्या दारानं, विहिरीकडून, आबा आले. एका हातात पिवळट पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात रिकामा कप. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

“पाणी घालूनच आणलंय,” ते म्हणाले. “बाईंनी सांगितलं तसं.”

मुलानं नाक मुरडून बाटली लांबूनच धरली. आबांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

स्वयंपाकघरात तवा तापलेला होता.

“हे काय?”

“पाव भाजावा म्हटलं चहाबरोबर.”

मग चहा आला तो नुसताच. विसरला असेल, असं म्हणून आबांनी विषय काढला नाही.

“बशा मी भरतो,” मुलगा म्हणाला. “तुमचे हात थरथरतात.”

निळ्या काठाच्या बशीत नुसतं पाणी, पांढऱ्या बशीत बाटलीतलं. गहू त्यानंच टाकले, फडकं झाकलं आणि बशा खिडकीत ठेवल्या.

“रिकामी निघाली ना आबा, तर मी तुमचं काही ऐकणार नाही. उचलून नेईन.”

“बघू. तुमच्या त्या खुराड्यात माझी खाट कुठं मावायची?”

“बाल्कनीजवळची खोली आहे की.”

“ऊन येतं का तिथं?”

“सकाळचं येतं.”

आबांनी “हं” केलं आणि उगाचच तांबडीला वैरण घालायला गेले. ती नुकतीच खाऊन बसली होती.

मुलगा दोन दिवस राहिला. इतक्या महिन्यांनी घरात दुसऱ्या माणसाच्या चपला वाजत होत्या. आबांनी रेडिओ लावलाच नाही. सुनेचा फोन आला की मुलगा अंगणात जायचा. “अगं, म्हटलं ना, होईल सगळं नीट,” एवढंच आत ऐकू यायचं. आबा जाता-येता खिडकीशी थांबायचे, फडकं मात्र उचलायचे नाहीत.

ठरल्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनीच फडकं उचललं. निळ्या बशीत मोडांची गर्दी झाली होती. पांढऱ्या बशीतले गहू जसेच्या तसे पडून होते.

“आजोबा, गाभण दिसतेय तुमची तांबडी!”

आबा बशीकडे बघत राहिले.

“काय हो, आनंद नाही झाला?”

“झाला की. आता हिचं सगळं बघायला हवं, म्हणून विचार करतोय.”

“शेवटी तुमच्या मनासारखं झालं, आबा,” मुलगा म्हणाला. त्यानं मोठा श्वास सोडला. “मी किती तयारी केली होती! पण आता गायीपुढं कुणाचं काय चालणार? सुट्टी मिळाली की येतोच.”

त्याची बॅग भरलेलीच होती. बाईंना वाटेत सोडतो म्हणत तो त्यांच्याबरोबरच निघाला. गाडी वळणाआड गेली आणि अंगण एवढं मोठं झालं, की आबांना त्याचा राग आला.

ते आत आले. खाटेखालची पिशवी त्यांनी ओढून काढली. दोन धोतरं, स्वेटर, चष्म्याचं घर, बायकोचा फोटो. दोन दिवसांपूर्वी, बाटली भरण्याच्याही आधी, त्यांनी ती भरून ठेवली होती. एकेक वस्तू त्यांनी जागच्या जागी ठेवली. फोटो ठेवायला जरा वेळ लागला.

मग ते खिडकीशी गेले. तांबडीच्या पोटात काय आहे हे त्या बशीला कळणं शक्यच नव्हतं. बाटलीत आबांनी विहिरीचं पाणी भरलं होतं, आणि रंगापुरता उरलेला चहा. त्या पाण्यात गहू रुजायलाच हवे होते.

त्यांनी पांढऱ्या बशीतला एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला.

दाणा भाजलेला होता.