चार कमानींची वाट

"चोरून बघताय. मिटा डोळे."

"अगं, कुदळ पायावर पडेल माझ्या."

"उद्या माझ्याही पडेलच की. कशी चुकवायची ते आजच कळू दे."

घड्याळजींनी डोळे मिटले आणि वाफा खणायला घेतला.

महिन्यापूर्वी नवरा-बायको दोघांनी लेकीच्या दवाखान्यात डोळे तपासून घेतले होते. लेक डोळ्यांची डॉक्टर. तिने बाबांच्या हातात थेंबांची बाटली दिली, "वयाप्रमाणे लागतातच" म्हणाली, आणि आईला आत बोलावून दार लोटलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा लेकीचे डोळे लाल होते. आईने मात्र दूध नासलं हे सांगावं तसं सांगितलं, "माझी नजर जाणार म्हणे. वर्ष, फार तर दीड."

घड्याळजी हादरले. हा माणूस स्वतःसाठी कधी जागचा हलला नव्हता. हात मोडला तेव्हा सांगितलेला व्यायाम त्यांनी चौथ्या दिवशी सोडला. हात आजही पुरता वळत नाही. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेही "हल्ली स्क्रूच बारीक करतात मेले" असं म्हणून. पण बायकोचं नाव निघाल्यावर त्यांना दहा हत्तींचं बळ आलं.

कल्पना तिची. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या नळापर्यंत वाट, दोन्ही अंगांना वाफा, वर बांबूच्या चार कमानी आणि त्यांवर स्वीट पीचे वेल. वास नाकात आहे तोवर पाऊल बरोबर. फुलं सरली की हाताला बांबू आहेतच.

"आधी तुम्ही डोळे मिटून चालायचं," ती म्हणाली. "तुम्हाला जमलं तर मला शिकवाल."

बिया रात्रभर भिजवल्या, वीतभर अंतराने टोचल्या. कमानी बांधताना सुतळी दोनदा बांबूच्या बाजूने हवेतच गेली. तेव्हा तर डोळे उघडे होते.

"तू बांबू हलवलास!"

"हो, मला तेवढाच उद्योग," असं म्हणत तिने सुतळीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

मग चालणं सुरू झालं. पहिल्या दिवशी बादली लवंडली. दुसऱ्या दिवशी कपाळाला टेंगूळ आलं. तिसऱ्या दिवशी ते वैतागून वाफ्याच्या कडेलाच बसले.

"नाही जमत."

"राहू द्या. मी एकटीच धडपडेन."

ते पुन्हा उठले. जन्मभर हिने आपल्या हातात पाण्याचा पेला आणून दिला, आता आपण हिचा हात धरायचा, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. ते रोज सकाळ-संध्याकाळ चालले, पावलं मोजत, स्वतःशीच पुटपुटत.

वेल कमानींवर चढले, फुलले. एका सकाळी लेक घरी आली तेव्हा घड्याळजी डोळे मिटून नळापर्यंत गेले, बादली भरली आणि थेंबही न सांडता परतीला लागले. वाटेत थांबून बोटांनी चाचपत त्यांनी बायकोसाठी चार फुलंही तोडली.

मायलेकी खिडकीतून बघत होत्या. लेकीने आईचा दंड घट्ट धरला.

"आई, मला नाही गं हे नाटक निभत. परवा थेंब घालताना बाबा मलाच धीर देत होते. सांगून टाक ना आता, की नजर तुझी नाही, त्यांची जाणार आहे."

"सांगेन," ती म्हणाली. "आधी जिना शिकू देत."