योवानाचा पेशंट

वर्गातल्या एड्सोनने योवानाचा पेशंट पळवला, तरी ती डगमगली नाही. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहराच्या त्या खासगी विद्यापीठात दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला पेशंट ज्याचा त्यानेच शोधायचा असतो. पूर्ण कवळी बसवायच्या परीक्षेला तर तोंडात एकही दात नसलेला माणूस लागतो. तो मिळाला नाही की अख्खं वर्ष पाण्यात. पण योवानाचा स्वतःच्या जिभेवर भारी विश्वास होता.

दुसऱ्याच दिवशी विद्यापीठासमोरच्या बाकावर तिला फाउस्तीनो आजोबा सापडले. इस्त्रीचा शर्ट घालून, बोळकं पसरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसले होते. ती शेजारी बसली, गप्पा मारल्या आणि आजोबा लगेच तयार झाले. इतरांना हे का जमत नाही, याचंच तिला नवल वाटलं.

आजोबांची अट एकच, घाई करायची नाही. "आणि घरी येत जा. येताना शेंगदाण्याचं सूप आण," ते म्हणाले. "एकट्याला घास उतरत नाही."

मग योवाना त्यांच्याकडे जाऊ लागली. सूप दोघं मिळून प्यायची. आजोबा वारलेल्या बायकोच्या खोड्या सांगायचे, ती परीक्षेचं रडगाणं गायची. ओट्यावर कधी मक्याची कणसं दिसायची, दाणा न् दाणा कुरतडलेली. शेजारचं कोणी खाऊन गेलं असेल, असं तिने धरलं. म्हाताऱ्याचा तिला लळा लागला होता, आणि ते ती मैत्रिणींना उघड सांगायची.

क्लिनिकमध्ये माप घेताना तर आजोबांनी कमाल केली. सांगायच्या आधीच जबडा सैल सोडला, नाकाने श्वास घेऊ लागले, साच्याचा लगदा तोंडात असताना साधं खाकरलेही नाहीत. शेजारच्या खुर्चीत एड्सोनने पळवलेला पेशंट ओकाऱ्या काढत होता.

"हाताला गुण असावा लागतो," योवानाने एड्सोनला ऐकवलं.

फक्त आजोबा तारखा फार चुकवायचे. कधी गुडघा, कधी पुतणीच्या बाळाचं बारसं. कवळी लांबत चालली, परीक्षा दारात आली, तशी तीही पुन्हा पुन्हा विचारू लागली, नक्की येणार ना?

"मी येणार म्हणजे येणार," आजोबा म्हणाले. "आजवर कोणाला बुडवलं नाही, पोरी."

आणि ते आले. परीक्षक होत्या डॉक्टर उर्कीदी, बोलिव्हियातल्याच सांताक्रूझहून फक्त परीक्षेपुरत्या आलेल्या. बाई इतक्या कडक की सकाळपासून तिघांना नापास करून मोकळ्या झाल्या होत्या. एड्सोन त्यातलाच एक.

योवानाने कवळी बसवली. बाईंनी आजोबांना चावायला लावलं, बोलायला लावलं, बोटाने कवळी हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"पास," बाई म्हणाल्या.

योवानाला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं. ती हातमोजे काढायला वळली. बाई मात्र खुर्चीपाशीच थांबल्या. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि खाली वाकून हळूच विचारलं, "फाउस्तीनोकाका, मी बनवलेली कवळी मोडली का हो?"

"छे गं. कपाटात आहे, बाकीच्या पोरींच्या कवळ्यांशेजारी," आजोबा नव्या दातांनी स्पष्ट म्हणाले. "पण दात बसले की तुम्ही यायच्या बंद होता."