बिघाड निघाला नाही

"नाही निघाला," दारातच चपला काढत भाऊ म्हणाला.

ताईच्या हातातला सुपाचा वाडगा हातातच राहिला.

भावाच्या जठरातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. जनुकात एक ठरावीक बिघाड निघाला, तरच नव्या औषधाच्या चाचणीत त्याला घेणार होते. शरीराच्याच पहारेकऱ्यांना जागं करून ते औषध गाठीवर सोडतं म्हणे. बाकीचे उपाय करून झाले होते. बिघाड निघावा म्हणून ताई देव पाण्यात घालून बसली होती.

"जन्मभर पंखे-मिक्सर उघडून लोकांचे बिघाड काढले," भाऊ हसला. "माझाच तेवढा निघेना."

"हसतोस काय मेल्या? मला का नेलं नाहीस?"

"तू रडली असतीस. डॉक्टरांना तुझे डोळे पुसत बसावं लागलं असतं."

पाठचा भाऊ तिचा. आईमागं तिनंच काखेला मारून वाढवलेला. आता कॉलरमधून मान काडीसारखी वर आलेली.

"सकाळच्या गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या गं बाई. इतक्या वर्षांत एक तरी चुकवू दिलीस?"

"यमाच्या दारातून एकदा ओढून आणलाय तुला. असा फुकट घालवायला नाही."

भावानं तोंड खिडकीकडं वळवलं. "ताई, त्यानंतरची वर्षं फार गोड गेली. एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी घेऊन ती निघाली आणि तडक इस्पितळात गेली. चाचणीचं काम बघणारी नर्स खिडकीशी चहा पीत होती.

"माझ्या भावाचं पुन्हा तपासा," ताई म्हणाली. "हवा तर दुसरा तुकडा काढा. कुठंतरी चुकलं असेल. पदर पसरते तुमच्यापुढं."

नर्सनं नाव विचारलं, स्क्रीनवर पाहिलं.

"पुन्हा कशाला? बिघाड निघालाय की. पहिल्याच तपासणीत."

ताईनं टेबलाची कड धरली. "मग... औषध कधी देणार?"

"ते नाही देता येणार. त्यांनी घरी सांगितलं नाही?" नर्सचा आवाज खाली आला. "पहारेकरी जागे झाले की आधी परकं शोधतात, बाई. आणि तुमच्या भावाला बसवलेली किडनी दुसऱ्या कुणाची तरी आहे. पहिला घास तिचाच घेतील."

ताईचा हात डाव्या कुशीवरच्या जुन्या टाक्यांवर गेला.