गेटवर चढलेला मुलगा

निशिगंधा उंबरा ओलांडून आत आली तशा बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी सरकून सतरंजीवर जागा केली. ती बसली. हातातला डबा तिनं मांडीवरच धरून ठेवला.

सकाळीच रक्षाविसर्जन झालं होतं. भिंतीवर राजवीरचा फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला. त्यात तो हसत नव्हता. फोटोच्या दिवशी तिनंच वर्गाला बजावलं होतं, दात दाखवायचे नाहीत.

राजवीरच्या आजीनं, चिमणाबाईंनी, कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं. मी त्याची वर्गशिक्षिका, असं ती हळूच म्हणाली. एवढी हजार पोरांची शाळा, आन दारात यायला एक माणूस घावला म्हणायचा, असं म्हातारी शेजारणीला म्हणाली. पण ऐकू जाईल अशा बेतानं.

उचगावात त्या घरी जायचं नाही, असं संस्थेच्या वकिलांनी शिक्षकखोलीत सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. फोनही करायचा नाही. कुणी विचारलंच तर एकच वाक्य, मुलगा गेटवर चढला होता. मग बाकीच्यांना सोडून त्यांनी निशिगंधाला मागं थांबवलं. रांग तुम्ही लावली होती मॅडम, ते म्हणाले. गेटचं चाक रुळावरून उतरतंय हे तुम्हाला दिसत होतं. संस्था भरपाई देऊन सुटेल. निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्या नावावर राहील. घरी मुलं आहेत ना तुम्हाला, असंही त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

तरी ती आली होती. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. दुसऱ्यानं पिठलं-भाकरी करून न्यायची आणि कडू घास आपल्या हातानं भरवायचा. आज तिचा गुरुवारचा उपास. उपाशीपोटीच तिनं पिठलं ढवळलं, भाकरी थापल्या. घास भरवला की बोलायचं काही उरत नाही, असं तिला वाटलं होतं.

राजवीरची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ आधीचे दोन-तीन डबे तसेच पडलेले. वैनी पाण्याशिवाय काही घेईनात, राजवीरचा चुलता विश्वजित दारातून म्हणाला. पोरगं गेटवर चढलं असं शाळेनं पोलिसांत सांगितल्यापासून तिनं धरलं होतं, शाळेचं माणूस येऊन खरं सांगंल तवाच तोंडात घास घालीन.

निशिगंधानं डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि हात पुढं केला. आईनं तोंड उघडलं नाही. तिनं निशिगंधाचं मनगट धरलं.

“बाई, येवढंच सांगा. माझं पोरगं गेटावर चढलं हुतं?”

राजवीर रांगेत पहिला उभा होता. तो ढकलाढकली करायचा नाही म्हणून तीच त्याला गेटाशेजारी उभा करायची. दप्तर दोन्ही खांद्यांवर. वॉचमननं रोजच्यासारखा जोर लावून गेट ओढलं, आणि ते सगळंच्या सगळं राजवीरच्या अंगावर आडवं आलं. त्या क्षणी राजवीरनं गेटाकडं बघितलं नव्हतं. सरकू का, असं विचारल्यासारखं तिच्याकडं बघितलं होतं.

“नुसतं न्हाय म्हणा,” आई म्हणाली. “मला दुसरं काय नको. केस बी नको. येवढं येडं न्हवतं ओ माझं पोरगं.”

‘नाही’ निशिगंधाच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात विश्वजितनं खिशातून मोबाइल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो छातीशी धरला. तिला घरातली आपली दोन्ही मुलं दिसली, गृहपाठाच्या वह्या उघडून तिची वाट बघणारी.

“माझं लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. “मी पाठमोरी होते.”

विश्वजितनं मोबाइल खिशात टाकला. चिमणाबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

आईनं निशिगंधाच्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं मान हलवली. मनगट सोडलं नाही. तोच हात तिनं आपल्याकडं ओढला आणि घास तोंडात घेतला. चावायला तिला वेळ लागला. गिळताना गळ्याची शीर वर आली. बायकांतल्या एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मग चढलं असंल,” ती म्हणाली. “घरात बी खिडकीवर चढायचं.”

“कवा गं?” चिमणाबाई म्हणाल्या. “कवा चढलं ते? देव्हाऱ्यातलं गूळ-खोबरं घ्यायचं तर मला हाक मारायचं. पाटावर सुदिक पाय देत न्हवतं.”

“चढायचं. तुमास्नी ठाव न्हाय.”

निशिगंधाला उठायचं होतं. आई तिच्या हातातल्या पिठल्याकडं बघत होती. दुसरा घास करावा लागला. तिसराही. तिनं मुकाट्यानं सगळे घेतले, आजारी माणूस औषध घेतो तसे. मग पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच नीट, डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

“वर्गातली पोरं भ्याली असतील, बाई. त्येस्नी सांगा, राजवीर द्वाड हुता. बाईंचं ऐकत न्हवता. तुमी तसं करू नगासा.”