वाढत्या अंगाच्या पँटी

मुख्याध्यापिकाबाईंनी पँट टेबलावर पसरून टेप लावला. "प्रत्येक पँट दोन इंच लांब आहे."

"असणारच," आमचे हे अभिमानाने म्हणाले. "पोरं वाढत्या अंगाची. दोन वर्षं बघायला नको."

आयर्लंडला येऊन, गॅरेजात दोन मशिनं टाकून ह्यांनी दारावर 'इंटरनॅशनल गारमेंट्स'ची पाटी लावली होती. सोलापुरात सासऱ्यांचा गणवेशांचा धंदा, त्यामुळे ह्यांचा थाट या देशाला कपडे घालायला शिकवायला आल्यासारखा. पहिलीच ऑर्डर शाळेच्या साठ पँटींची. बाईंनी मापं लिहून दिली होती, पण दुसऱ्याने दिलेलं माप ह्यांना अपुरंच वाटतं. तीन आठवडे मी शिवत होते आणि बजावत होते. ऐकतंय कोण?

"तेवढी कापून द्या," बाई म्हणाल्या. "मुलं वाढली की नवी घेतील."

"चांगलं कापड कापायचं?" ह्यांचा आवाज चढला. साठही पँटी घरी परत आल्या आणि शाळा हातची गेली ती कायमची. गाडीत हे एवढंच बोलले, "उधळे लेकाचे!"

रविवारी मी मुकाट्याने तो गठ्ठा महाराष्ट्र मंडळाच्या वनभोजनाला नेला. तासाभरात सगळा खपला. शेवटची पँट एका हार्ट सर्जनबाईंनी लेकाच्या कमरेला लावून पाहिली. पायाशी चार बोटं कापड लोळत होतं.

"यापेक्षा मोठी नाही का हो?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओळखलं, पुढचा माल चार इंच लांब.